दोनशे सदुसष्ट

गोजे बेटावर जहाजं बांधतात.
नोव्हेंबरात गावातल्या दवाखान्याबाहेर
निळ्या जाकिटांची रांग लागते,
उपाशीपोटी, बाही वर करून.
प्यो इन-सुक, वय बावन्न, पगार विभाग:
कोलेस्टेरॉल दोनशे सदुसष्ट.
गेल्या वर्षी एकशे नव्वदच्या आत होतं.

तिनं आधी स्वतःचं ताट आठवलं.
बार्लीचा भात. समुद्रशेवाळाचं सूप.
मुळ्याची किमची, नवऱ्यानं गळाला लावलेला बांगडा.
डुकराचं मांस, तेही कुणाच्या लग्नात.
चोरी कुठे झाली ते कळेना.
हिशेब तपासण्यात जन्म गेलेली बाई
आपल्याच रक्ताची बेरीज पुन्हा करून पाहत होती.

डॉक्टर गिल तरुण आहे, शब्द जपून वापरतो.
त्यानं अहवालाच्या पाठीवर पेननं
यकृत काढलं, बरंचसं रताळ्यासारखं,
खाली लोंबणारी पित्ताची पिशवी
आणि आतड्याची नागमोड.
"खाण्यातून कमी येतं, मावशी,
जास्त शरीरातच तयार होतं.
बाहेर पडायची मोठी वाट मात्र ही:
यकृत त्याचं पित्ताम्ल करतं,
ते आतड्यात उतरतं, तेलतूप पचवायला हात लावतं,
मग शंभरातलं पंच्याण्णव परत वर येतं,
माहेरी आल्यासारखं.
उरलेलं पाच, तेवढंच खरं गेलेलं."

शाई संपत आली. त्यानं पेन झटकलं.
"धोका दिसला की शरीर रक्तात चरबी सोडतं,
पळावं लागेल म्हणून.
ताणाचं संप्रेरकही कोलेस्टेरॉलमधूनच घडतं.
आणि भीती लांबली तर, काही उंदरांत दिसलंय,
ही पित्ताची वाट अरुंद होते.
माणसांत नक्की कसं, यावर अजून भांडणं चालू आहेत."
मग सहज विचारावं तसं:
"पळावं लागेल असं काही आहे का?"

"नाही," ती म्हणाली.

तिच्या भाषेत भ्यालेल्या माणसाचं यकृत
घेवड्याच्या दाण्याएवढं होतं,
आणि ज्याचं पित्ताशय गळून पडलं
तो पाणी नसलेला माणूस.
आपण काळीज म्हणतो आणि हात छातीवर डावीकडे नेतो;
खाटकाला विचारा, तो उजवीकडचं
तपकिरी, जड, ओलं काढून देईल.
म्हाताऱ्या शब्दांना थोडं शरीरशास्त्र कळत असावं.

तिच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात
मार्चपासून एक यादी आहे.
एकतीस नावं. डिसेंबरात लागायची.
खणाची किल्ली तिच्या गळ्यात.
सतरावं नाव: मो बोक-सिम, क्रेनचालक,
रोज दुपारी हिच्यासमोर डबा उघडणारी,
स्वतःच्या वाटचं अंडं हिच्या भातावर ठेवणारी.
"तू खा. मला डॉक्टरनं जपायला सांगितलंय."
नऊ महिने ते अंडं
इन-सुकनं गिळलं.

यादी लागली. त्या वर्षी बर्फ नाही, नुसता वारा.
बोक-सिमनं हेल्मेट टेबलावर ठेवलं, सही केली.
तुला ठाऊक होतं का, असं विचारलं नाही.
विचारलं असतं तर बरं झालं असतं.

फेब्रुवारीत पुन्हा रक्त दिलं.
दोनशे एकवीस.
गोळी नाही, ताट तेच, एक अंडं वजा.
"एका अंड्यानं एवढं उतरत नाही,"
डॉक्टर गिल खूश होऊन म्हणाला.
ती कागदाकडे बघत राहिली.
खण रिकामा झाला होता, एवढंच.
आणि हे शरीर, कुणालाही न विचारता,
सुस्कारा टाकून मोकळं झालं होतं,
निर्लज्ज.

बाहेर बाकावर बोक-सिम, बाही वर केलेली.
तिचा नंबर यायचा होता.
तिच्या शेजारी एका माणसापुरती जागा होती.
इन-सुकनं अहवालाची घडी घातली,
मग आणखी एक,
कागद आणखी दुमडेना इतकी.